आधी गवत, मग लांडगा

गेममध्ये जिवंत रान हवं असं ठरवलं की जो तो लांडग्यापासून सुरुवात करतो. त्याचं मॉडेल, त्याची झेप, त्याचं गुरगुरणं. माझं ऐकाल तर लांडग्याचं नावही काढू नका. आधी गवत पेरा.

मी गोडॉट या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये एक माळरान बनवतेय, सोलापूरजवळच्या नान्नजसारखं: गवत, काळविटांचे कळप, लांडगे. जमीन म्हणजे १२८ × १२८ चौकटी आणि प्रत्येक चौकटीत ० ते १ मधला एक आकडा, तिथे किती गवत आहे ते सांगणारा. दर ठोक्याला, म्हणजे हिशेबाच्या प्रत्येक फेरीला, वाढ = दर × गवत × (१ − गवत). त्यामुळे चरून टाकलेली चौकट रेंगाळते, अर्धी भरलेली जोमाने वाढते, भरली की थांबते. आकडा ०.०२ च्या खाली मात्र जाऊ देऊ नका, नाहीतर ती चौकट कायमची उजाड होईल. शून्याला कशानेही गुणा, शून्यच.

गवतावर एवढा भर का, ते पाहायचं तर नेटलोगो या सिम्युलेशनच्या सॉफ्टवेअरमधलं युरी विलेन्स्की यांचं १९९७ चं लांडगे-मेंढ्यांचं मॉडेल चालवा. त्यातला गवताचा पर्याय बंद असला की आज ना उद्या कोणीतरी संपतंच. चालू केला की बहुतेक वेळा गवत, मेंढ्या, लांडगे तिघंही तग धरतात. लांडगे तेच, त्यांचे नियमही तेच.

आता काळवीट. त्याला तीन आकडे द्या: भूक, तहान, भीती. या आकड्यांवरून प्रत्येक कृतीला गुण मिळतात, जिचे जास्त ती कृती तो करतो. भूक थेट न वापरता तिचा वर्ग करा. ०.५ भुकेचे ०.२५ होतात, म्हणजे थोड्या भुकेला जनावर जागचं हलत नाही, आणि पोटात आग पडली की भीतीलाही जुमानत नाही. चालू कृतीला वर ०.१ गुण द्या, नाहीतर ते पाणी आणि गवत यांच्या मधोमध हेलपाटे घालत बसेल. लांडगा दिसेनासा झाला तरी भीती लगेच उतरवू नका. ती हळूहळू ओसरू द्या आणि तेवढा वेळ चरताना मध्येच मान वर करून बघायला लावा. या एका हालचालीने खेळणाऱ्याचा जेवढा विश्वास बसतो, तेवढा महागड्या मॉडेलने बसत नाही.

हा सगळा विचार दर फ्रेमला, म्हणजे पडद्यावरच्या प्रत्येक चित्रागणिक, नको, अर्ध्या सेकंदातून एकदा पुरतो. फक्त प्रत्येकाची वेळ थोडी पुढेमागे ठेवा, म्हणजे सगळा भार एकाच फ्रेमवर येणार नाही. कळपासाठी क्रेग रेनॉल्ड्स यांच्या १९८६ च्या बॉइड्स या थव्यांच्या सिम्युलेशनचे तीन नियम आजही पुरे आहेत: फार खेटू नका, शेजाऱ्याच्या दिशेने चला, घोळक्याच्या मध्याकडे सरका. भीती वाढली की तिसऱ्या नियमाचं वजन वाढवा.

मग लांडगा, आणि त्याच्यासाठी सगळ्यात मोठा नियम: पोट भरलं की शिकार नाही, झोप. दिसेल ते मारणारा लांडगा अख्खं माळ रिकामं करतो. पिल्लं हवेतून टपकवू नका. आईची ऊर्जा ठरावीक पातळीवर गेली की त्यातला वाटा पिल्लाला द्या.

शिकारी आणि शिकार यांच्या संख्येचा हिशेब मांडणाऱ्या लोटका-व्होल्टेरा समीकरणांच्या लाटा कागदावर गुळगुळीत दिसतात, कारण तिथे पाव लांडगासुद्धा चालतो. तुमच्याकडे चार असतील आणि उपासमारीची एक लाट आली, तर खेळ खलास. म्हणून काटेरी झुडपांत पाडसांना लपायला जागा ठेवा आणि नकाशाच्या कडेवरून अधूनमधून लांडग्यांची किंवा काळविटांची एखादी जोडी आत येऊ द्या. काहींना ही लबाडी वाटते. मला नाही वाटत. खऱ्या माळालाही कुंपण नसतं.

नजरेआडच्या जनावरांचं काय? २०१७ चा रेन वर्ल्ड हा गेम बघा: दूरचे प्राणी तिथे ढोबळ हिशेबाने जगत राहतात, जवळ आले की त्यांना पूर्ण शरीर मिळतं. तसंच करा, पण शरीर देताना त्यांची भूकही सोबत आणा. नाहीतर तुम्ही जाल तिथे सगळे ताजेतवाने आणि पोटभर जेवलेले भेटतील.

चाचणी चित्राशिवाय, वेगात, रँडमचं बीज (यादृच्छिक आकडे ज्यातून निघतात तो सुरुवातीचा आकडा) कायम ठेवून करा आणि तिघांच्या संख्येचे आलेख काढा. चढउतार हवेतच. एखादी रेघ शून्याला टेकली तर एका वेळी एकच आकडा बदला.

शेवटी माणूस. १९९७ च्या अल्टिमा ऑनलाइन या ऑनलाइन गेममध्ये अशी परिसंस्था खरोखर उभी केली होती. खेळाडूंनी प्राणी इतक्या झपाट्याने मारले की ती चाललीच नाही, काढून टाकावी लागली. म्हणून एक बॉट, म्हणजे आपोआप खेळणारा नकली खेळाडू, लिहा, दिसेल ते मारणारा, आणि त्याला माळावर सोडून पुन्हा आलेख काढा. काळवीट सावरले नाहीत, तर झुडपं वाढवा किंवा कडेवरून येणाऱ्या जोड्या. बॉटला मात्र सौम्य करू नका, खेळाडू त्याच्याहून वाईट असतात.