ट्रॅकवर पहिल्यांदा बाइक नेताय? आरशांवर टेप लावा

कोइमतूरच्या करी मोटर स्पीडवेवर किंवा चेन्नईजवळच्या मद्रास इंटरनॅशनल सर्किटवर पहिल्यांदा उतरणार असाल, तर आधी आरसे काढा, नाहीतर टेपने झाका. रस्त्यावर मागे बघणं चांगलंच; ट्रॅकवर तीच सवय घात करते. सुरक्षित ओव्हरटेक करणं ही मागून येणाऱ्याची जबाबदारी असते. त्याला वाट द्यायला तुम्ही अचानक बाजूला सरकलात, तर तो जिथून निघणार होता नेमके तिथेच जाऊन पोचता. म्हणून आपली लाइन, म्हणजे ट्रॅकवरून जायचा आपला मार्ग, सोडू नका. पिटमध्ये (ट्रॅकच्या कडेला बाइक थांबवायच्या जागेत) जायचं असेल तर बरंच आधी हात वर करा.

नजर पुढच्या चाकासमोर नको. वळणात शिरण्याआधीच एपेक्स (वळणाच्या आतल्या कडेला बाइक सगळ्यात जवळ जाते तो बिंदू) शोधा, तिथे पोचेपर्यंत नजर बाहेर पडायच्या टोकावर गेलेली हवी. बहुतेक सगळा ब्रेक बाइक सरळ असतानाच मारून घ्या.

टायर तापला की हवेचं प्रेशर वाढतं, त्यामुळे सेशन संपल्या संपल्या मोजा आणि तुमच्या टायरला किती हवं ते इन्स्ट्रक्टरला विचारा. लाल झेंडा (सेशन थांबवल्याची खूण) दिसला तर कचकन ब्रेक मात्र मारू नका. हात वर करून, वेग उतरवत पिटमध्ये या.