स्ट्रॉबेरी पेरू लावताना: झाड कुंपणाबाहेर पसरू नये यासाठी काय करावे

रोपवाटिकांमध्ये विदेशी फळझाड म्हणून मिळणारा स्ट्रॉबेरी पेरू दिसायला देखणा असतो. पाने जाड, गर्द हिरवी आणि चकचकीत, साल गुळगुळीत, आणि सुपारीपेक्षा थोडी मोठी, पिकल्यावर लालभडक होणारी आंबटगोड फळे. त्याची निगा फारशी राखावी लागत नाही, आणि एकट्या झाडालाही भरपूर फळ धरते. मात्र मूळचे ब्राझीलचे हे झाड आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या जगातील शंभर सर्वांत उपद्रवी परकीय प्रजातींच्या यादीत, आपल्या ओळखीच्या घाणेरी आणि सुबाभळीच्या पंक्तीत बसलेले आहे. त्यामुळे ते कोठे लावायचे, कसे लावायचे आणि लावायचे की नाही, हे रोप विकत घेण्यापूर्वीच ठरवावे.

प्रथम ते पसरते कसे, हे समजून घ्यावे. हवाई बेटांवर हे झाड 1825 मध्ये फळासाठी नेण्यात आले आणि पुढे तेथील ओल्या जंगलांत त्याची इतकी दाट जाळी माजली, की खालच्या जमिनीवर स्थानिक झाडांची रोपे उगवेनाशी झाली. एका फळात अनेक बारीक, टणक बिया असतात, त्या पक्षी आणि रानडुकरे दूरवर नेतात, आणि उगवलेले रोप दाट सावलीतही तग धरून राहते. माझ्या मते खरा धोका या शेवटच्या गुणातच आहे, कारण बहुतेक तणांना मोकळी, उन्हाची जागा लागते, तर हे झाड अखंड जंगलातही शिरते. शिवाय त्याला मुळांपासून फुटवे येतात, म्हणजे बी पडले नाही तरी त्याचा विस्तार थांबत नाही.

मॉरिशसमध्ये हीच कथा अधिक गुंतागुंतीची आहे. तेथे ‘गोयाव द शीन’ या नावाने ओळखली जाणारी ही फळे वेचायला हंगामात लोक हौसेने डोंगरावर जातात आणि मीठ-मिरची लावून खातात. तेथील मराठी कुटुंबांनाही ती परकी नाहीत. त्याच वेळी ब्लॅक रिव्हर गॉर्जेस राष्ट्रीय उद्यानात मूळ जंगलाचे काही तुकडे कुंपण घालून, त्यांतील हीच झाडे माणसे लावून उपटून जपावे लागतात. आपल्या सह्याद्रीत सर्रास दिसणारा शिपाई बुलबुल तेथे बाहेरून नेलेला असून, परक्या झाडांच्या बिया पसरवणारा म्हणून बदनाम आहे. आपल्याकडे हा पक्षी परसात आधीच हजर आहे, हे ध्यानात ठेवावे.

कोणतेही नवे फळझाड आणताना पहिला प्रश्न असा विचारावा, की आपल्यासारख्या हवामानाच्या दुसऱ्या प्रदेशात ते रानात पसरले आहे काय. ऑस्ट्रेलियात तयार झालेल्या 49 प्रश्नांच्या तण-जोखीम चाचणीतही या पूर्वेतिहासाला मोठे वजन असते. त्या चाचणीत सहापेक्षा अधिक गुण पडलेली वनस्पती देशात आणू नये, अशी शिफारस होते. हा नियम आपल्या लाडक्या झाडांनाही लागू पडतो: आपले जांभूळ हवाईत आणि दक्षिण फ्लोरिडात उपद्रवी ठरले आहे, आणि आपली बोर उत्तर ऑस्ट्रेलियात गुरांच्या पोटातून कुरणांवर पसरली आहे. म्हणून परदेशात राहणाऱ्यांनी अंगणात जांभूळ लावण्याआधी तेथील शासनाची यादी अवश्य पाहावी.

त्यानंतर जागेचा विचार करावा. सोलापूर किंवा मराठवाड्यातील ठिबकावर वाढवलेल्या बागेत बाहेर पडलेले रोप उन्हाळ्यात जगण्याची शक्यता कमी असते. आंबोली, महाबळेश्वर, लोणावळा किंवा कोकण-गोव्यातील पावसाळी भागाचे हवामान मात्र या झाडाला मानवणारे आहे, आणि तेथे जवळ जंगल, देवराई किंवा ओढा असेल तर ते जमिनीत लावूच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तेथे साध्या पेरूचे चांगले कलम लावणे केव्हाही बरे. पेरूही परकाच आणि गॅलापागोस बेटांवर तोही उपद्रवी ठरला आहे, हे खरे. पण तो आपल्याकडे शतकानुशतके रुजलेला असल्याने त्याने नव्या धोक्याची भर पडत नाही.

एवढे करूनही हौस असेलच, तर झाड मोठ्या कुंडीत, फरशीवर ठेवून वाढवावे, म्हणजे मुळे जमिनीत उतरणार नाहीत. छाटणी करून उंची हाताच्या टप्प्यात ठेवावी, फळांना रंग चढू लागताच झाडावर बारीक जाळी घालावी आणि पिकलेले फळ झाडावर राहू देऊ नये. खाली पडलेली फळे रोज वेचावीत. ती व जॅम-सरबत करून उरलेला चोथा कंपोस्टच्या ढिगात टाकू नये, कारण थंड ढिगात बी मरत नाही. आधी उकळून मगच त्याची विल्हेवाट लावावी. रोपे भेट म्हणून वाटणेही टाळावे.

झाड काढायचे झाल्यास फळधारणेपूर्वी काढावे. वीतभर रोप पावसाळ्यात ओल्या मातीतून मुळासकट सहज निघते, पण मोठे झाड नुसते कोयत्याने तोडल्यास बुंध्यापासून जोमाने धुमारे फुटतात. म्हणून पहार-कुदळीने मुळे खणून काढावीत. तोडलेल्या फांद्या ओल्या जमिनीवर पडू दिल्यास त्यांनाही मुळे फुटू शकतात, तेव्हा त्या दगडावर किंवा पत्र्यावर पूर्ण वाळवाव्यात. या झाडाचे बी मातीत वर्षानुवर्षे सुप्त राहत नाही, काही महिन्यांत उगवते किंवा कुजते. त्यामुळे त्या जागेवर पुढच्या पावसाळ्यात नेमाने फिरून दिसतील ती रोपे व फुटवे उपटत राहिल्यास बहुतेक काम संपते, आणि नंतर एखादे रोप दिसलेच, तर जवळपास कोणाकडे फळते झाड आहे काय, याची चौकशी करावी.