उसाच्या हंगामाआधी चासी आणि पाटे

दसऱ्याच्या आत गाडी कामाला लावा. कारखान्याचा बॉयलर पेटला की पाटेवाल्या मिस्त्रीकडे (पाटे म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या, एकावर एक रचलेल्या पोलादी पट्ट्या) नंबर लागत नाही, आणि लागलाच तर तो घाईत काम उरकून गाडी हाकलतो. खालचं सगळं सहा टायरच्या ट्रकचं आहे.

आधी चासी, म्हणजे गाडीचा खालचा सांगाडा, धुवा आणि वाळू द्या, चिखलाखाली तडा दिसत नाही. दोन लांब सी आकाराचे मेंबर, मधे आडवे क्रॉस मेंबर, एवढीच ती शिडी. टॉर्च घेऊन पाट्यांचे ब्रॅकेट आणि क्रॉस मेंबरचे सांधे बघा. रिव्हेटभोवती गंजाचा लाल ओघळ असेल तर तो हलतोय. हातोडीनं वाजवा, ढिला असेल तर बद्द आवाज येतो. तडा सापडला तर नाक्यावरच्या वेल्डरकडून पट्टी मारून घेऊ नका, चासीचं काम करणाऱ्यालाच दाखवा. मेंबरच्या वरच्या-खालच्या आडव्या पाकळीला भोक पाडायचं नाही म्हणजे नाही. वाकण्याचा सगळ्यात जास्त ताण तिथंच असतो, तडा भोकाच्या कडेपासूनच निघतो. वेल्डिंगला पर्याय नसेलच, तर आधी गाडीच्या बॅटरीच्या वायरी सोडवा.

तुटका पाटा कुणालाही दिसतो. पाट्यांचा संच बदलताना दोन्ही बाजूंची उंची मोजा, नाहीतर गाडी कलते.

आता यू बोल्ट. संच एक्सलला, म्हणजे चाकांच्या आसाला, आवळून धरतो तो यू बोल्ट. सेंटर बोल्ट फक्त पाटे एका रेषेत ठेवतो. यू बोल्ट ढिला झाला की सगळा धक्का त्या बारक्या सेंटर बोल्टवर येतो, तो कापला जातो आणि एक्सल एका बाजूनं मागे सरकतो. नवे पाटे भाराखाली बसतात, मधला रंग चेपतो, आणि गॅरेजात कितीही आवळलेला यू बोल्ट पहिल्या खेपेलाच सैल पडतो. गेल्या हंगामात मी तो पुन्हा आवळला नाही. एक्सल सरकला, मागचे टायर एका बाजूनं खाल्ले गेले आणि ऐन तोडीत गाडी उभी राहिली.

म्हणून पहिली खेप भरली की आवळा. जॅकवर नाही, रिकाम्या गाडीवर नाही, भरल्या गाडीवर. केन यार्डात, म्हणजे कारखान्याच्या ऊसगाड्यांच्या आवारात, नंबर येईपर्यंत तासन् तास उभंच राहायचं असतं, तेव्हाच टॉर्क पाना (किती जोरानं आवळलं ते दाखवणारा) काढा आणि नट समोरासमोर, कोपरे बदलत, थोडे थोडे आवळा. टॉर्क किती ते गाडीच्या पुस्तकात बघा. पान्याला पाइप लावून अंदाजानं ओढू नका, आटे ताणले जातात. जुने यू बोल्ट पुन्हा वापरू नका, कारण तेच. चार-आठ दिवसांनी परत आवळा. मिस्त्री म्हणेल, ‘काय गरज नाय मालक.’ तरी आवळा.

2018 मध्ये दोन एक्सलच्या ट्रकची एकूण वजनाची मर्यादा 16.2 टनांवरून 18.5 टन झाली, पण तेवढ्यावरून जुन्या गाडीत मोळ्या वाढवू नका. तिचे पाटे जुन्याच हिशेबाचे आहेत, आणि उसाची गाडी तशीही कागदावरच्या वजनानं कुठे चालते.

शॅकल पिनला (पाट्याचं टोक चासीला जोडणारी पिन) ग्रीस मारताना चासी जॅकवर उचला, चाकं लोंबू द्या. भार असताना दाबाच्या बाजूला ग्रीस शिरत नाही. शॉकअपमधून तेल गळत असेल तर बदला. पिनभोवतीचे बुश बघा. ब्रॅकेटपासून एक्सलपर्यंतचं अंतर दोन्हीकडे सारखं आहे का तेही टेपनं मोजा. चाकाचे नट, हवा, लाइट, पासिंगचे कागद, ते तुम्हाला माहीत आहेच. टॉर्क पाना गॅरेजात नको, केबिनमध्ये ठेवा. ड्रायव्हर बदलला तर त्यालाही यू बोल्टचं सांगा, लिहून द्या.