बैठक जमते, परतीचा रस्ता अडतो: सलोख्याच्या कामात नव्याने येणाऱ्यांसाठी

वांशिक तंट्यात काम करायला आलेला जवळपास प्रत्येक नवा कार्यकर्ता डोळ्यांसमोर एकच चित्र घेऊन येतो. दोन्ही बाजूंची माणसं एका खोलीत बसली आहेत, कुणाला रडू आवरत नाही, कुणी हात पुढे करतंय. चित्र खोटं नाही. खोलीत असं घडतं, आणि तुम्हाला वाटतं त्याच्या आधीच घडतं. घोळ तिथूनच सुरू होतो. बैठक संपली की माणूस घरी जातो, आणि घरी त्याला जाब विचारणारे त्या खोलीत नव्हते.

तंट्याची मुळं, कोण कुणाचं ऐकतं याचा नकाशा, संवादाचे साधे नियम हे तुम्हाला माहीत आहे असं धरून चालतो. एक भर मात्र घाला. माणसांचा नकाशा काढता तसा दिवसांचाही काढा. बाजाराचा दिवस, पाण्याची पाळी, चराईचा हंगाम, मिरवणुकीचा मार्ग, मतदान, मागच्या हत्याकांडाची तिथी. भडका या दिवसांच्या आसपास उडतो, आणि बैठक ठरवताना नवे लोक नेमके हेच विसरतात.

आता तो सापळा. हा भाग घाईने वाचू नका.

बैठकीत आलेल्या माणसाच्या मनातली समोरच्या समाजाची प्रतिमा दोन तासांत हलते. त्याच्या भावाची, शेजाऱ्याची, त्याच्या तरुण पोरांची प्रतिमा जिथल्या तिथे असते. तो घरी जाऊन म्हणतो, ‘त्यांचीही माणसं गेली आहेत.’ ऐकणाऱ्याला त्यामागचे दोन तास दिसत नाहीत. त्याला दिसतो तो कारण नसताना बदललेला माणूस. मग प्रश्न येतो: किती घेतले? इथून पुढे त्या माणसापुढे दोनच वाटा उरतात. एक, गप्प बसायचं. दुसरी, आपण अजून आपलेच आहोत हे दाखवायला पूर्वीपेक्षा कडक बोलायचं. दुसरी वाट जास्त चालली जाते. बैठकीत ज्याचा गळा दाटून आला होता तोच आठवडाभराने चौकात सगळ्यांत मोठ्याने ओरडताना दिसतो. नवा कार्यकर्ता हे पाहून खचतो आणि त्या माणसाला दुतोंडी ठरवून मोकळा होतो. तो दुतोंडी नसतो. त्याला घरी जायचं होतं आणि तुम्ही त्याला रिकाम्या हाताने पाठवलंत.

हा फक्त अनुभवाचा अंदाज नाही. इराकमध्ये विस्थापित ख्रिस्ती खेळाडूंच्या काही फुटबॉल संघांत चिठ्ठ्या टाकाव्यात तसे मुस्लिम खेळाडू मिसळून पाहिले गेले. त्या प्रयोगाचे निष्कर्ष २०२० मध्ये प्रसिद्ध झाले. मिश्र संघातले ख्रिस्ती खेळाडू पुढेही मुस्लिम खेळाडूंबरोबर सराव करायला तयार होते, खिलाडूवृत्तीच्या बक्षिसासाठी त्यांना मतही देत होते. मैदानाबाहेर, अनोळखी मुस्लिमांच्या बाबतीत, वागण्यात फारसा फरक पडला नव्हता. जवळीक खरी होती, पण ती कुंपणाशी थांबली. कुंपणाबाहेर तिला नेण्याची वेगळी सोय करावी लागते आणि ती सोय हेच तुमचं खरं काम आहे.

ती सोय एकत्र बैठकीच्या बरीच आधी सुरू होते. प्रत्येक बाजूच्या किमान तीन-चार वेगळ्या बैठका घ्या, ८ ते १२ माणसांच्या. त्यात बायका आणि तरुण हवेतच, आणि ज्यांना आपल्याच समाजात कुणी विचारत नाही असे एक-दोघेही. पहिल्या बैठकीत फक्त ऐका. दुसरीपासून एक प्रश्न धरून ठेवा: ‘तिकडे जाऊन आल्यावर तुमच्या माणसांना तोंड दाखवायला हातात काय हवं?’ उत्तरं भव्य नसतात. चोरीला गेलेली दोन गुरं परत यावीत. दफनभूमीकडे जाणारी वाट उघडी राहावी. विहिरीवर बायकांना कुणी हटकू नये. ही यादी जपून ठेवा, एकत्र बैठकीचा विषय तीच आहे. त्याच वेळी मुखत्यारीही ठरवून घ्या. आमच्या वतीने काय बोलायचं, काय ऐकून घ्यायचं, आणि कशावर मान डोलवायची नाही. या तीन गोष्टी पाठवणाऱ्यांच्या तोंडून आल्या पाहिजेत. जाणाऱ्याने स्वतःच ठरवल्या तर परतल्यावर ‘तुला कुणी सांगितलं होतं?’ याला त्याच्यापाशी उत्तर नसतं.

मग एकत्र बैठक. दोन्हीकडून सारखीच डोकी, आणि कुठल्याही बाजूचा माणूस एकटा नको. चालवणारे दोघे, प्रत्येक बाजूचा एक. दुभाषा लागत असेल तर दोन्ही बाजूंनी आधी मान्य केलेला. दाराकडे पाठ करून कुणालाच बसवू नका, मार खाल्लेल्या माणसाचं लक्ष दारावरच राहतं. वेळ दोन तास, पण त्यातली शेवटची ४० मिनिटं मूळ विषयाला हात लावायचा नाही. ती परतीसाठी राखून ठेवलेली असतात. या ४० मिनिटांत बाहेर सांगायचा मजकूर तयार होतो, तीन-चार वाक्यांचा, दोन्ही भाषांत, मोठ्याने वाचून दाखवलेला. त्यात सात दिवसांत कुणालाही जाऊन तपासता येईल अशी एक तरी गोष्ट असावी. ‘आम्ही शांततेसाठी कटिबद्ध आहोत’ हे वाक्य तपासता येत नाही, ते काढून टाका. ‘गुरुवारी बाजाराची वाट दोन्हीकडच्या चौघांच्या देखत उघडी राहील’ हे तपासता येतं.

मजकूर झाला की तालीम. एकाने घरच्या भावाची भूमिका घ्यायची आणि जाऊन आलेल्याला उलटसुलट विचारायचं: विकला गेलास का, आपल्या मेलेल्यांचं काय, त्यांनी माफी मागितली का. समोरची बाजू हे ऐकत बसते आणि तिला पहिल्यांदा कळतं की पलीकडच्यालाही घरी असाच मार खावा लागतो. नुसत्या भाषणांनी हे कधीच होत नाही.

फोटो काढायचा नाही. निधी देणाऱ्यांना हातात हात घेतलेला फोटो हवा असतो, त्यांना खोलीचा किंवा हजेरीच्या आकड्याचा फोटो पाठवा. तो हातातला हात फोनवर फिरत गावात पोहोचतो तेव्हा त्याच्याबरोबर तुमची तीन वाक्यं पोहोचत नाहीत. माफीचीही घाई नको. पहिल्याच बैठकीत भावनेच्या भरात मागितलेली माफी घरी ‘सगळ्यांच्या वतीने गुन्हा कबूल केला’ अशी ऐकू येते.

पुढच्या ४८ तासांत प्रत्येकाला फोन करा. आठवड्याच्या आत त्याच्या समाजाची बैठक व्हावी, बोलणारा तो आणि तुम्ही मागच्या ओळीत गप्प. तो तिथे उभा राहून बोलू शकला नाही, तर दुसरी एकत्र बैठक घेऊ नका. काम मागे पडलं असं वाटेल. वाटू द्या.

कुणाला बोलवायचं, हा प्रश्नही परतीच्या बाजूने पाहिला की सुटतो. आधीपासूनच सलोख्याचं बोलणारी, सुशिक्षित, सौम्य माणसं लगेच येतात, पण त्यांचं घरी कुणी ऐकत नाही. नायजेरियातल्या कडुना शहरात इमाम मुहम्मद अशाफा आणि पास्टर जेम्स वुये यांनी १९९५ मध्ये आंतरधर्मीय मध्यस्थीची संस्था उभी केली. दोघेही आधी एकमेकांविरुद्धच्या सशस्त्र टोळ्यांत होते, वुये यांचा हात त्या लढाईतच गेला. त्यांना ‘तुला काय कळतं’ असं कोण म्हणणार?

केनियाच्या ईशान्येकडच्या वजीरमध्ये १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला सोमाली कुळांमधली मारामारी बाजारापर्यंत आली. तिथल्या बायकांनी परिषद भरवली नाही. कोणत्याही कुळाच्या बाईला बाजारात विकता-घेता आलं पाहिजे, एवढंच हातात घेतलं आणि त्यावर रोज नजर ठेवायला आपल्यातूनच बायका नेमल्या. पुढे वेगवेगळ्या कुळांतले वडीलधारे जमले तेव्हा सगळ्यात लहान कुळातल्या वृद्धाला बोलायला पुढे केलं, त्याची कुणालाच धास्ती नव्हती. १९९५ पर्यंत या हालचालीला जिल्हा प्रशासनाच्या चौकटीत रीतसर जागा मिळाली. त्यातल्या डेखा इब्राहिम अब्दी यांना २००७ मध्ये राइट लाइव्हलीहूड पुरस्कार मिळाला. क्रम पाहा: बाजार, मग वडीलधारे, मग सरकार. नवे लोक हाच क्रम उलटा लावतात.

पैशाबद्दल थोडक्यात. भत्ता सगळ्यांना सारखा आणि सर्वांसमोर जाहीर. गाडी कुणाची, चालक कुठल्या समाजाचा, सभागृह कुणाच्या वस्तीत, हे कुणीतरी मोजत असतंच. एका बाजूच्या पुढाऱ्याच्या पोराला समन्वयकाची नोकरी दिलीत की बाकीचं काम विसरा.

अफवा हे मात्र वेगळ्या शिस्तीचं काम आहे. केनियाच्याच टाना डेल्टात २०१२-१३ मध्ये शेती करणारे पोकोमो आणि गुरं चारणारे ओर्मा या दोन समाजांमधल्या हिंसेत शंभराहून अधिक माणसं मेली. त्यानंतर तिथे ‘उना हकिका’ नावाची यंत्रणा सुरू झाली. स्वाहिलीत याचा अर्थ ‘तुला खात्री आहे का?’ लोक ऐकलेली गोष्ट मेसेजवर कळवायचे, गावागावातले स्वयंसेवक पडताळायचे, मग उत्तर परत जायचं. तुमच्याकडे यंत्रणा नसेल तर वही चालेल. तारीख, वेळ, जागा, सांगणाऱ्याने स्वतः पाहिलं की ऐकलं, कुणी पडताळलं, पुढे काय केलं. माणसांची नावं लिहू नका, खुणा वापरा. वही जप्त होऊ शकते, चोरीलाही जाते. एकमेकांशी संबंध नसलेल्या दोन ठिकाणांहून खात्री होईपर्यंत ‘खोटं आहे’ म्हणू नका. एक खुलासा चुकला की पुढचे वीस खरे खुलासे वाया जातात. खुलाशात अफवेचं वाक्य पुन्हा छापू नका. काय कळलं, काय अजून कळायचं आहे आणि पुढची खबर किती वाजता येईल, एवढंच सांगा. आणि गोष्ट खरी निघाली तर तीही सांगा, तिच्या नेमक्या आकारात.

गुरू निवडण्याबद्दल आमचं मत पक्कं आहे, पटलं नाही तर सोडून द्या. तीन दिवसांच्या शिबिराचं प्रमाणपत्र कुणालाही मिळतं. भडका उडाला की थेट मंत्र्याला फोन लावणारा मार्गदर्शक तुम्हालाही तेवढंच शिकवेल. दोन्ही बाजूंच्या शिव्या साधारण सारख्या प्रमाणात खाणारा माणूस शोधा आणि त्याच्या मागे वही घेऊन वर्षभर फिरा. पहिले सहा महिने काही कळत नाही. ते सगळ्यांचंच होतं, काळजी करू नका.

काळजी करायची ती हद्दीची. शस्त्रं पुरवून, वरून आदेश देऊन केलेला हल्ला गावची समिती थांबवू शकत नाही, तसं कुणाला वचनही देऊ नका. खून आणि बलात्कार बैठकीत मिटवायचे नाहीत, दबाव कितीही येवो. ‘लोकांनी ठरवलं’ म्हणजे न्याय झाला असं नसतं. उत्तर केनियातल्या समाजांनी आपसात केलेल्या २००१ च्या मोदोगाशे जाहीरनाम्यात जिवाची भरपाई ठरली ती पुरुषासाठी १०० जनावरं, स्त्रीसाठी ५०. सलोखा झाला खरा, पण कुणाच्या हिशेबाने, हे त्या आकड्यांतच लिहिलेलं आहे.

शांत काळात काय करायचं, हे कुणी विचारत नाही. भिवंडीत १९७० आणि १९८४ मध्ये मोठ्या दंगली झाल्या. १९८८ नंतर तिथे पोलीस अधिकारी सुरेश खोपडे यांच्या पुढाकाराने मोहल्ला समित्या उभ्या राहिल्या, आणि १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. त्या समित्या दंगलीच्या रात्री जन्मल्या नव्हत्या. उत्तर आयर्लंडमधल्या बेलफास्टमध्ये १९९० च्या दशकाच्या अखेरीस कॅथलिक आणि प्रोटेस्टंट वस्त्यांमधल्या भिंतीच्या दोन्ही बाजूंच्या स्वयंसेवकांकडे मोबाइल दिले गेले. दगड पडला की पलीकडच्या ओळखीच्या माणसाला फोन: तुमची पोरं आहेत का, आत घ्या, आम्ही आमची घेतो. तुमच्याकडे असे नंबर असतील तर काहीच घडलं नाही अशा आठवड्यातही एकदा लावून पाहा. नंबर बदललेला असतो.