उन्हाळ कांद्यासाठी रान कसं तयार करायचं

सोयाबीन किंवा मका निघाला की निफाड, येवला, चांदवडकडं एकच घाई असते, ट्रॅक्टर मिळाला की लगेच रानात घालायचा. पण काळ्या रानात वाफसा, म्हणजे चिखल पण नाही आणि ठणठणीत कोरडं पण नाही अशी बेताची ओल, नसताना नांगर घातला ना तर अशी ढेकळं निघतात की वाळल्यावर रोटा (माती भुसभुशीत करणारा रोटाव्हेटर) पण त्यांच्यावरून उड्या मारत जातो. म्हणून आधी वाफसा बघा. वीतभर खोल माती काढायची, मुठीत दाबून गोळा करायचा आणि कमरेएवढ्या उंचीवरून सोडायचा, फुटला तर चला, चपटा होऊन तसाच पडला तर अजून थांबा, ट्रॅक्टरवाला कितीही फोन करू दे.

खतं टाकायच्या आधी माती परीक्षणाचा नमुना घेऊन ठेवा. रानात नागमोडी चालत आठ-दहा ठिकाणी इंग्रजी व्ही सारखा १५-२० सेंटीमीटर खड्डा करायचा, कडेची माती घ्यायची, सगळी एकत्र करून त्यातली अर्धा किलो लॅबला. बांधाजवळची किंवा उकिरड्याखालची माती अजिबात नको, रिपोर्ट चुकतो.

मग नांगरट. कांद्याची मुळं वरच्या थरातच असतात त्यामुळं फार खोल जायची गरज नाही. हराळी, लव्हाळ्याच्या गाठी मात्र हातानं वेचून बांधाबाहेर काढाच, रोट्यानं त्यांचे तुकडे होतात आणि प्रत्येक तुकडा पुन्हा फुटतो, नंतर खुरपणीची मजुरी बघून डोळे पांढरे होतात.

शेणखत एकरी सहा ते आठ टन, पण पूर्ण कुजलेलं. हात घातल्यावर गरम लागलं किंवा वास मारला तर ते कच्चं आहे, त्याच्यातनं हुमणी (मुळं खाणारी अळी) आणि तण दोन्ही रानात येतं. चांगल्या खतात ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला आवरणारी उपयोगी बुरशी) मिसळून आठ-दहा दिवस सावलीत ओलसर ठेवलं तर मर-सडीला बराच अटकाव होतो. खत पसरलं की रोटा मारून मातीत मिसळून टाका, उन्हात तसंच पडू देऊ नका.

ड्रीप (ठिबक) असेल तर सपाट वाफ्यापेक्षा गादीवाफाच, म्हणजे उचललेला रुंद वाफा, करा, माथा १२० सेंटीमीटर, उंची १५, मधी ४५ ची सरी, आणि एका वाफ्यावर दोन लॅटरल (ठिबकच्या नळ्या). अवकाळी झाला तरी पाणी सरीतून निघून जातं, कांदा सडत नाही. लागवडीच्या आदल्या दिवशी ड्रीप चालवून वाफा भिजवा आणि दोन्ही कडा बघा, कडेला ओल पोचली नसेल तर रोपं लावायच्या आधी अजून थोडा वेळ पाणी सोडा.