जॉली बॉय बेटाच्या उथळ पाण्यात : स्नॉर्केलिंगची तयारी आणि रीत

अंदमानला जाणारे बहुतेक मराठी प्रवासी सेल्युलर जेल पाहून झाल्यावर उरलेल्या दिवसांत समुद्रातले सगळे खेळ उरकून घेतात, आणि त्या घाईत स्नॉर्केलिंगच्या, म्हणजे मास्क व श्वासनळी लावून पाण्यावर तरंगत खालचे पाहण्याच्या, वाट्याला जेमतेम वीस-पंचवीस मिनिटे येतात. त्यांतला निम्मा वेळ तोंडात गेलेले खारे पाणी थुंकण्यात जातो. श्वास लयीत येतो न येतो तोच मार्गदर्शक रबरी रिंग किनाऱ्याकडे ओढू लागतो. प्रवाळ खरोखर पाहायचे असतील, तर श्वासाचा धडा घराजवळच्या पोहण्याच्या तलावातच गिरवून घ्यावा.

छातीभर पाण्यात उभे राहून मास्क आणि नळी लावावी, चेहरा पाण्यात घालावा आणि फक्त तोंडाने श्वास घ्यावा. पहिल्या मिनिटात छाती धडधडते आणि श्वास आखूड होतो. नळीत आधीच्या उच्छ्वासाची थोडी हवा उरलेली असते. आखूड श्वास घेणारा माणूस तीच शिळी हवा पुन्हा पुन्हा ओढत राहतो आणि त्यामुळे अधिकच गुदमरतो. म्हणून श्वास सावकाश व खोल घ्यावा आणि सोडताना त्याहून जास्त वेळ लावावा. हे जमले की नळीत मुद्दाम पाणी भरू द्यावे आणि एकाच जोरकस फुंकरीने ते वरच्या टोकातून उडवून लावावे. त्यासाठी छातीत थोडी हवा नेहमी शिल्लक ठेवावी लागते. मास्कमध्ये पाणी शिरल्यास मान किंचित वर करून मास्कची वरची कड कपाळावर दाबावी आणि नाकाने हवा सोडावी, म्हणजे पाणी खालून निघून जाते. तलावात तीन-चार दिवस ही उजळणी झाली, की समुद्रात हात आपोआप कपाळाकडे जातो. पोहता न येणाऱ्यांनीही ही तयारी करावी. लाइफ जॅकेट आणि सोबत जाणकार मार्गदर्शक असल्यास त्यांनाही उथळ पाण्यात प्रवाळ पाहता येतात.

मास्क स्वतःचा असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. भाड्याचा मास्क बहुधा दुसऱ्याच कुणाच्या तोंडाला बसणारा असतो. विकत घेताना पट्टा डोक्यामागे न अडकवता मास्क चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलकासा श्वास ओढावा. हात काढल्यावरही तो चिकटून राहिला, तर माप बरोबर आहे. मिशा असणाऱ्यांच्या नाकाखालून पाणी झिरपत राहते, त्यामुळे मिशीची वरची कड अर्ध्या सेंटिमीटरभर भादरून टाकणे हाच त्यावरचा खात्रीचा इलाज. चष्म्याच्या काड्या मास्कखाली मावत नाहीत. नंबरची काच बसवलेले मास्क मिळतात, ते पाहावेत. नव्या मास्कच्या काचेवर कारखान्यातला पातळ थर राहिलेला असतो, तो टूथपेस्टने चोळून काढला नाही तर काच सतत धुरकट होते. त्यानंतर पाण्यात उतरण्यापूर्वी आतून थुंकी फिरवून काच खळखळून घेणे पुरते. ऐकायला किळसवाणे वाटले, तरी जगभरचे पाणबुडे हेच करतात. पूर्ण चेहरा झाकणारे मास्क मात्र टाळावेत, कारण अडचणीच्या वेळी ते चटकन निघत नाहीत.

जागेची निवड करताना गर्दी किती आणि पाणी किती निवळ, एवढे पाहावे. पोर्ट ब्लेअरपासून (2024 पासूनचे अधिकृत नाव श्री विजयपुरम) सुमारे 30 किलोमीटरवर वंडूर आहे. तेथे 1983 साली स्थापन झालेल्या महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानात 15 बेटे येतात. त्यांपैकी जॉली बॉय आणि रेड स्किन ही बेटे पर्यटकांसाठी आळीपाळीने उघडतात. हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत जॉली बॉय आणि पावसाळ्याच्या सुमारास रेड स्किन असा साधारण क्रम असतो, त्यामुळे विमानाचे तिकीट काढण्यापूर्वी कोणते बेट खुले आहे याची चौकशी करावी. वनखात्याचा परवाना लागतो आणि प्लास्टिक नेता येत नाही. बोट खारफुटीच्या खाडीतून निघते आणि तासाभराने बेटाजवळ पोहोचते. स्वराज द्वीपावरचा, म्हणजे पूर्वीच्या हॅवलॉकवरचा, एलिफंट बीच गाठायला सोपा आहे, पण तेथे जत्रा असते.

भरतीचा विचार न करता पाण्यात उतरू नये. ओहोटीत प्रवाळ पोटाला खरचटतील इतके वर येतात. भरतीचा शेवटचा तास आणि पाणी थांबलेले असतानाचा थोडा काळ सर्वांत सोयीचा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणापेक्षा अष्टमीच्या आसपासच्या भांगाच्या दिवसांत ओढ कमी असते. तिथीला पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा आपल्याकडचा हिशेब कोकण किनाऱ्याचा आहे, तो अंदमानात चालत नाही. तेथील भरतीचा तक्ताच पाहावा. अंदमानात हिवाळ्यात सूर्य पाचच्या सुमारास मावळतो, त्यामुळे दुपारनंतर पाण्यात उजेड राहत नाही. सकाळी नऊ ते बारा ही वेळ राखून ठेवावी.

पाण्यात गेल्यावर हातपाय मारणे थांबवावे आणि दहा मिनिटे एकाच जागी तरंगत राहावे. सुरुवातीला करड्या दगडांखेरीज काही दिसत नाही. 2010 साली समुद्र तापल्यामुळे येथील बरेच प्रवाळ पांढरे पडून मेले, त्याच्या खुणा आजही आहेत. जाहिरातीतला रंगीत तळ सगळीकडे मिळेल, अशी अपेक्षा ठेवू नये. आपण स्थिर झालो की मासे परत येतात. कान दिल्यास करकर असा आवाज येतो: पोपट मासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडत असतो, आणि थोड्या वेळाने त्याच्या मागून पांढऱ्या वाळूचा झोत सुटतो. समुद्रफुलाच्या हलत्या बोटांमध्ये नारिंगी क्लाउनफिशचे कुटुंब असते. त्यातली सर्वांत मोठी ती मादी, आणि ती मेली तर तिचा नर मादी होतो. महाकाय शिंपल्याकडे बाजूने जावे, कारण आपली सावली पडताच तो निळे-हिरवे ओठ आत ओढून घेतो. पावाचे तुकडे टाकून मासे जमवणाऱ्यांना केवळ हावऱ्या माशांची झुंबड दिसते.

पाय टेकवायचा झाला तर केवळ वाळूवर, तोही रबरी बूट घालून टेकवावा. प्रवाळाच्या फांदीवर फिनचा, म्हणजे पायात घालायच्या रबरी पंखाचा, एक फटका बसला, तर अनेक वर्षांची वाढ तुटते. आणि दगडासारखा निपचित पडलेला विषारी स्टोनफिश पायाखाली आला, तर पाय सोसवेल इतक्या गरम पाण्यात बुडवून तडक रुग्णालय गाठावे लागते. लांब बाह्यांचा अंगरखा घातला की उन्हापासून आणि जेलीफिशपासूनही बचाव होतो, आणि पाठीला क्रीम फासावे लागत नाही. बुडी मारण्यापूर्वी भराभर दीर्घ श्वास घेण्याची सवय घातक आहे. त्याने माणूस पाण्याखालीच बेशुद्ध पडू शकतो. अंदमानातील खाड्यांमध्ये खाऱ्या पाण्यातल्या मगरी आहेत, म्हणून खाडीच्या मुखाशी किंवा इशाऱ्याचा फलक असलेल्या किनाऱ्यावर कधीही उतरू नये. एकट्याने तर कुठेच उतरू नये.

परतीच्या विमानासाठी सामान बांधताना मुलांच्या खिशांवर एकदा हात फिरवावा. वाळूत सापडलेला मेलेला प्रवाळाचा तुकडाही 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली येतो, आणि पोर्ट ब्लेअरच्या विमानतळावर सामानाची तपासणी होते.