डीएमआर हँडीचा आवाज फाटत होता, तो असा सुधारला

सोलापुरात घरच्या हॉटस्पॉटवर (हँडीला इंटरनेटशी जोडणारा छोटा रेडिओ बोर्ड) डीएमआर हँडी (हातात धरायचा डिजिटल रेडिओ) लावायचा तर आधी फ्रिक्वेन्सी बघा. आपल्याकडे हॅमला (परवानाधारक हौशी रेडिओवाल्याला) ४३४ ते ४३८ मेगाहर्ट्झ मोकळे. ४३५ च्या वर उपग्रह, म्हणून ४३४.५०० घेतली. हँडीत कलर कोड (हॉटस्पॉटशी जुळावा लागणारा क्रमांक) १, टाइमस्लॉट (एकाच फ्रिक्वेन्सीच्या दोन वेळ-भागांपैकी एक) २, आणि आपला सात अंकी डीएमआर आयडी.

तरी ९९९० या पॅरटला (आपलंच बोलणं परत ऐकवणारी चाचणी सेवा) प्रायव्हेट कॉल केला की आवाज रोबोटसारखा फाटायचा. पाय-स्टारवर (हॉटस्पॉटचं सॉफ्टवेअर) बीईआर (चुकीच्या बिट्सचं प्रमाण) ४ टक्क्यांच्या पुढे. स्वस्त बोर्डाचा क्रिस्टल (फ्रिक्वेन्सी ठरवणारा भाग) काही शे हर्ट्झ सरकलेला असतो, दुसरं काही नाही. पाय-स्टारच्या एक्स्पर्ट मेनूत एमएमडीव्हीएमहोस्ट उघडून आरएक्स (ऐकण्याचा) आणि टीएक्स (पाठवण्याचा) ऑफसेट, म्हणजे फ्रिक्वेन्सीची दुरुस्ती, दोन्ही शंभर-शंभर हर्ट्झने हलवले. बीईआर वाढला तर उलट्या दिशेने जायचं, १ टक्क्याखाली आला की थांबायचं. पॉवर लो ठेवा आणि दोन-तीन मीटर लांबून बोला, नाहीतर बोर्डाचा रिसीव्हर दबतो. मे महिन्यात पत्र्याखाली ठेवलेला बोर्ड पुन्हा सरकतो. ऑफसेट भर दुपारी एकदा तपासाच.

टॉकग्रुप ४०४ वर (भारताचा सामायिक ग्रुप) पाय-स्टारच्या डॅशबोर्डवर कोणी बोलताना दिसतंय आणि हँडी गप्प? हँडीतल्या चॅनलच्या आरएक्स ग्रुप लिस्टमध्ये (ऐकायच्या ग्रुपांची यादी) ४०४ टाका.